रामेश्वरासाठी ठेवलेलं पाणी

"मॅडम, ये तो खाली है. ले जाइए," असं म्हणून विमानतळावरच्या तपासणीवाल्याने गडू माझ्या हातात दिला आणि तो मागच्या माणसाच्या पट्ट्याकडे वळला. मी हलेचना. आदल्या दिवसापासून मी मनात हिंदी भाषण जुळवत होते: भाईसाब, गंगाजल है, सीलबंद है, सासूबाई बुजुर्ग है, फेंकना मत. हातातल्या सामानात एवढं पाणी नेऊ देत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, आणि गडू मोठ्या बॅगेत टाकायला आईंनी साफ नकार दिला होता. "गंगेक काय चपलांबरोबर कोंबतंस?" म्हणाल्या. म्हणजे तपासणीच्या रांगेत तमाशा होणार हे धरूनच मी घाटकोपरहून निघाले होते. आणि आता तमाशा झाला नाही म्हणून मलाच राहवेना. "भैया, उसमें पानी है," मी म्हटलं. कोणी शहाणी बाई असं बोलली नसती. त्याने पुन्हा पडद्याकडे बघितलं, गडू कानाशी नेऊन हलवला आणि माझी कीव आल्यासारखं हसला. "पानी होता तो दिखता ना मॅडम. फिर मैं जाने ही नहीं देता." मागची माणसं चुळबुळायला लागली. पलीकडे व्हीलचेअरमध्ये आई मांडीवर रिकामी कापडी पिशवी पसरून बसल्या होत्या. "दिल्यान मा?" त्यांनी विचारलं. "दिला," मी म्हटलं, आणि गडू पिशवीत ठेवला.

हा गडू तांब्याचा, तोंडावर तांब्याचीच चकती बसवून झाळ मारून बंद केलेला. माझे सासरे धोंडू तो काशीहून घेऊन आले होते. गिरणी बंद पडली, हाताला काम नाही, तेव्हा गावचं भजनी मंडळ काशीला निघालं आणि तेही त्यांच्याबरोबर गेले. राजेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेव्हा गोवर आला होता म्हणून आई घरी राहिल्या. परत आल्यावर बाबा आईंना म्हणाले, काशी माझी एकट्याची झाली, रामेश्वर दोघांचं करू, हे पाणी तिथे तू ओत. काशीचं पाणी रामेश्वराला घालायचं आणि रामेश्वराची वाळू नेऊन गंगेत सोडायची, तेव्हा कुठे यात्रा पुरी, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. पण बहुतेक घरांत ते पाणी रामेश्वरापर्यंत पोचतच नाही. घरातलं कोणी शेवटच्या घटकेला आलं की गडू फोडतात आणि त्याच्या तोंडात चार थेंब घालतात. आमच्याकडे तेही झालं नाही. बाबा हॉस्पिटलात शेवटचे श्वास मोजत होते तेव्हा राजेशने घरी फोन केला, आई, गडू घेऊन ये. आई आल्या त्या रिकाम्या हाताने. "ता रामेश्वराचा पाणी आसा," एवढंच म्हणाल्या, आणि नळाच्या पाण्यात तुळशीचं पान बुडवून त्यांनी बाबांच्या ओठांना लावलं. त्या दिवसापासून राजेश आईशी बोलतो ते कामापुरतं. औषधं आणतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो, वाढदिवसाला साडी घेतो, सगळं करतो. पण तिच्याजवळ टेकून बसलेला मी त्याला पुन्हा कधी पाहिला नाही. रामेश्वरला तू ने, म्हणाला, मला जमणार नाही. रजा शिल्लक होती त्याची, मला माहीत होतं.

विमान वर गेलं आणि आईंनी खिडकीला नाक लावलं. मी मात्र त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसले. मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर काम करते. कोणाच्या गोदामात पाणी शिरतं, कोणाची गाडी ठोकली जाते, आणि आम्ही हळहळण्याच्या आधी विचारतो: हे घडलं कधी, आणि वस्तू तेव्हा कोणाच्या ताब्यात होती. ही सवय मग घरीही सुटत नाही. झाळ तर शाबूत होती, मी स्वतः बघितली. मग पाणी गेलं कुठून? गडूच्या बुडाला एक पोचा आहे, तो जुना. 'आईच्या हातून पडला होता,' असं राजेश नेहमी सांगतो, आणि तेही जरा टोचूनच. त्या पोच्यामुळे गडू कलता बसतो, म्हणून त्याच्याखाली घडी केलेलं फडकं असतं, आणि ते फडकं आई रोज सकाळी बदलायच्या. भटवाडीतल्या आमच्या खोलीत दोरीवर आमच्या कपड्यांच्या शेजारी ते वीतभर फडकं वाळत असायचं. मला वाटायचं, काय हा सोवळेपणा, नवीन लग्न झालं होतं तेव्हा मी मैत्रिणींना सांगून हसायचे. पहिल्या दिवाळीला आईंनी मला शिकवलं होतं, गडू दोन्ही हातांनी घ्यायचा, चिंच आणि मीठ लावून घासायचा, झाळीवर जोर द्यायचा नाही. तेव्हा त्यात पाणी होतं का? हातात धरल्यावर आतून काही हललं होतं का? मी डोळे मिटून तो गडू पुन्हा हातात धरून बघितला, चिंचेचा वास आला, नखात अडकलेलं मीठ चुरचुरलं, शेजारच्या शांताबाईंच्या रेडिओचा आवाजसुद्धा आला, पण पाण्याचं काही आठवेना. आणि मग एका वर्षी आई एकदम म्हणाल्या होत्या, "तू नको हात लावूस, मी करतंय." का, ते सांगितलं नाही. मला ते फार लागलं होतं. मी नोकरी करते, पाळी नीट पाळत नाही, म्हणून असेल असं मी ठरवून टाकलं आणि त्यावर माहेरी जाऊन रडलेही. नंतर चाळ पाडून इमारत झाली, देवघर संगमरवरी आलं, पण गडूला मी बोट लावलं नाही, लावलं ते आज ट्रेमध्ये ठेवण्यापुरतं. तांब्याचं स्वतःचं वजन असतंच, मला काय कळणार.

एक गोष्ट मात्र विमान उतरेपर्यंत सारखी टोचत राहिली. बाबा गेले त्या दिवशी गडू भरलेला होता की रिकामा? भरलेला असेल, तर आईंनी नवऱ्याला नाकारलेलं पाणी पुढे असंच हवेत उडून गेलं. त्यासाठी पोटचा मुलगा दूर गेला, आणि हातात राहिलं तांब्याचं पोकळ भांडं. हे त्यांना देवासमोर कळलं तर? देवळात गंगाजल घेतात त्या काउंटरवरचा माणूस झाळ फोडणार, गडू उलटा करणार, आणि मागे यात्रेकरूंची रांग. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तिथल्या तिथे बसेल. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. तोवर त्यांनी हवाईसुंदरीकडून दुसऱ्यांदा पाणी मागून घेतलं होतं.

मदुराईहून गाडीने निघालो. लाल माती, ताडाची झाडं, मिठागरं, आणि मग जमीन संपली आणि पांबनचा पूल सुरू झाला. दोन्ही बाजूंना पाणी, खाली निळ्या-हिरव्या रंगांच्या होड्या, बाजूने रेल्वेचा पूल. ड्रायव्हरने गाडी हळू केली. आई देवगडकडच्या. समुद्राच्या बाबतीत त्यांना कोणी काही शिकवू शकत नाही. त्या बराच वेळ डावीकडे बघत राहिल्या, मग उजवीकडे, मग मला म्हणाल्या, "ह्यो कसलो समुद्र गो? लाटच नाय. तळ्यासारको पडलो आसा." मी म्हटलं, पलीकडे श्रीलंका आहे, अडतं पाणी. "रामान बांध घातल्यान म्हणान अडता," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या खात्रीने की मला वाद घालावासा वाटला नाही. मला खरं म्हणजे त्या आडव्या पडलेल्या पाण्याची गंमत वाटत होती. काठाजवळ गुडघाभर पाण्यात उभ्या बायका गप्पा मारत होत्या आणि साडीचा काठ ओढणारी एक लाट येत नव्हती. अशा समुद्राला काही विचारलं तर तो ऐकून घेईल असं वाटलं.

लॉजवर आई अंघोळीला गेल्या आणि मी पिशवीतून गडू काढला. आधी हलवला. मग कानाला लावला. मग उलटा करून पोच्याभोवती बोट फिरवलं, तर बुडाच्या सांध्यात केसाएवढी चीर आणि तिच्यात काहीतरी पिवळट, चिकट. मी नखाने उकरलं, वास घेतला. मेण होतं. मी त्याकडे बघत राहिले. मेण इथे कशाला? दिवे गेल्यावर लावलेली मेणबत्ती सांडली असेल, असं मी ठरवलं, कारण मला दुसरं काही ठरवायचं नव्हतं. खाली दुकानं होती. आणि तिथे, शंख, शिंपल्यांचे आरसे आणि ताडगुळाच्या वड्यांच्या मध्ये, तांब्याचे छोटे गडू ओळीने मांडलेले, झाळ मारून बंद केलेले. दुकानदाराला मराठी यात्रेकरूंची सवय असावी. "काशी गंगा, ताई, असल गंगा," तो म्हणाला. ज्या पाण्यासाठी बाबा दोन दिवस दोन रात्री गाडीत बसले ते इथे शंखाशेजारी मिळतं, हे बघून मला हसू आलं, आणि मी लगेच एक घेतला. अदलाबदल करायची. आईंना मोतीबिंदू आहे, काउंटरवर गर्दी असते, मीच पुढे होऊन देईन. नवा फार लखलखीत होता, एवढीच अडचण. तो मी माझ्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सकाळी अग्नितीर्थावर, म्हणजे देवळासमोरच्या समुद्रात, आधी बुडी मारायची आणि मग देवळातल्या विहिरींवर न्हायचं, असा तिथला क्रम. पाणी कोमट होतं. आई नाकपुड्या दाबून तीनदा खाली गेल्या आणि वर आल्या, आणि मी त्यांना पायरीवर बसवून लुगड्याची पिशवी शोधायला गेले. परत येते तर त्यांनी टॉवेलासाठी माझी बॅग उघडलेली. ओल्या मांडीवर नवा गडू.

"ह्यो कोणाचो?" त्यांनी विचारलं. त्यांनी तो हलवला. आत पाणी डुचमळलं, चांगलं ठळक. त्या तसाच तो कानाशी धरून बसल्या. "तुका कधी कळला?" त्या म्हणाल्या.

"विमानतळावर. मशीनमध्ये दिसलं," मी म्हटलं. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? म्हणून तुम्ही हातात धरून आणलात? पाणीच नाही तर ते अडवणार कशाला!"

"मेल्याक मोठो चश्मो होतो," त्या म्हणाल्या, "बघतलो नि सोडतलो म्हायत होता." आणि हसल्या. मग हसणं थांबलं. "आधी थेंब थेंब गळायचा. फडक्याक ओल लागायची. मी मेण लावलंय, लाख लावलंय, काय्येक उपेग नाय. मगे एक दिवस फडका कोरडाच."

"बाबा असताना?"

"त्यांच्या आजारपणाच्या आधी."

मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्याही साडीतून पाणी निथळत होतं. "मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत, आई? गडू रिकामा आहे म्हणायचं. राजेश किती काय काय बोलला तुम्हाला. अजून मला बोलून दाखवतो."

"काय सांगू? गडू कोणाच्या हातातसून पडलो, तुका म्हायत आसा?"

"तुमच्या."

"माझ्या नाय." त्यांनी नवा गडू बाजूला ठेवला. "बारको होतो राजेश. देवघराफुडे भजनी मंडळ खेळी होतो. बापाचो फेटो बांधल्यान, गडू डोक्यार घेतल्यान नि नाचलो. पडलो तो पडलो. बाबा घराक इले तेव्हा मी सांगलंय, माझ्या हातातसून पडलो. नायतर पोराक मारल्यानी असता. त्येका आठवत पण नाय आता." समोर एक कुटुंब हात धरून ओळीने पाण्यात वाकलं, त्यांच्याकडे त्या बघत होत्या. "बापाच्या तोंडात गंगा पडली नाय ती माझ्यापायी, ह्या त्येका जल्मभर पुरला असता रुचिरा. त्यापरीस आई वायट, ह्या बरा. आई वायट असली तरी पोरगो जगता." मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही, तसंही तोंड ओलंच होतं. "आणि बाबा?" मी विचारलं. "त्यांच्या कानात सांगलंय, पाणी रामेश्वराक नेतंय म्हणान. त्येनी मान हलवल्यानी. समाधानान गेले." मग त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. "आणि तुका हात लावू नको म्हटलंय ता ह्याच्यासाठी. तू घासताना हलवतंस. कळला असता तुका. तुझ्या पोटात काय ऱ्हवणा नाय." एवढी वर्षं मी ज्याला अपमान म्हणत होते तो एवढासाच होता.

"मग रिकामा गडू घेऊन आलो कशाला आपण?" मी विचारलं.

"शब्द दिलोय. पाणी ऱ्हवला नाय, गडू तरी येवक होयो. आणि वाळू कशातसून नेतलंय?" त्यांनी नवा गडू उचलून माझ्या हातात दिला. "ह्या तू ओत. ह्या तुझा आसा."

देवळातल्या विहिरी समुद्राला लागून आहेत आणि पाणी गोडं, हे कोडं मला सुटलं नाही. काठावर उभी माणसं बादल्या ओढून ओळीने डोक्यावर ओतत होती, आणि आम्ही एका विहिरीकडून दुसरीकडे निथळत पळत होतो. प्रत्येकीचं पाणी वेगळं लागतं म्हणतात, म्हणून मी प्रत्येक वेळी ओठ चाटून बघत होते. एकीचं थंड, एकीचं तुरट. एका ठिकाणी आई थांबून म्हणाल्या, "ह्या आपल्या भटवाडीतल्या टँकरचा," आणि आम्ही दोघी खांबाला धरून हसलो. मग कोरडी वस्त्रं नेसून त्या लांबच लांब ओवरीतून चाललो, दोन्ही बाजूंना रंगवलेले खांब, त्यांचं टोक दिसेना. गाभाऱ्याच्या अलीकडे पुजाऱ्याने माझ्या हातातला गडू घेतला, फोडला, आणि दिव्यांच्या उजेडात बारीक धार पिंडीवर पडलेली मला दिसली. क्षणभरच. आई शेजारी उभ्या होत्या, जुना गडू छातीशी धरून. त्या देवाकडे बघून काहीतरी पुटपुटल्या.

दुपारी धनुष्कोडीला गेलो. दोन्हीकडे समुद्र आणि मधून एकच रस्ता, वादळात पडलेलं चर्च, पडलेलं स्टेशन, आणि मग रस्ताही संपतो. तिथे मात्र एका बाजूला लाटा होत्या. आईंना बरं वाटलं. "ह्यो खरो," म्हणाल्या. टोकाला एक शहाळेवाला होता. आईंनी शहाळं प्यायलं, मलई खाल्ली, आणि मग पिशवीतून गडू काढून त्याच्या पुढे धरला. भाषा येत नव्हती, खुणेने सांगितलं, वरून उडव. तो आधी घाबरला, देवाची वस्तू आहे हे त्याला कळत होतं. मग त्याने गडू डोळ्यांना लावला, खोडावर ठेवला आणि कोयत्याच्या टोकाने झाळ उचकटली. चकती टणकन उडाली. आम्ही दोघींनी एकदम आत डोकावलं. आत हिरवट कडं उमटलं होतं, जिथवर एकदा पाणी होतं तिथे, आणि जुन्या देवघराचा वास.

आई वाळूत फतकल मारून बसल्या आणि मुठीने गडू भरू लागल्या. तेवढ्यात राजेशचा फोन आला. वाऱ्यात मला ओरडून बोलावं लागत होतं. "ओतलं पाणी?" त्याने विचारलं. ओतलं, मी म्हटलं. "नीट झालं ना सगळं?" झालं. पुढे काय येणार ते मला माहीत होतं, दर पितृपक्षात येतं. "रुचि, खरं सांग, त्यातलं चमचाभर बाबांना दिलं असतं तर काय कमी पडलं असतं?" एरवी मी म्हणते, जाऊ दे रे. आई हाताच्या अंतरावर होत्या. त्यांचा अंगठा गडूच्या तोंडात वाळू दाबता दाबता थांबला होता. माझ्या पोटात काही राहत नाही, हे खरंच आहे. सगळं ओठांपर्यंत आलं, फेटा, नाच, मेण, सगळं.

"कमी पडलं असतं," मी म्हटलं.

"काय?"

"कमी पडलं असतं म्हणते ना! आईंना कळत होतं त्या काय करतायत. आणि राजेश, हा विषय आता बंद. माझ्यासमोर तर परत काढायचाच नाही."

मग तो म्हणाला, "तू कधीपासून गं आईच्या पार्टीत?"

"विमानतळापासून."

"वाट लागली," तो म्हणाला, पण आवाज जरा सैल झाला होता. "दे तिला." मी फोन आईंच्या कानाला लावला, त्यांचे हात वाळूने भरले होते. "जेवलंस काय रे?" त्यांनी विचारलं. त्याने काहीतरी सांगितलं, नेहमीपेक्षा बरंच लांब. त्या हूं हूं करत ऐकत होत्या. "होय, लाटा आसत हय," म्हणाल्या. "पुढच्या खेपेक तू ये. काशीक जावचा आसा." फोन झाल्यावर त्यांनी गडूचं तोंड फडक्याने बांधलं, तेच वीतभर फडकं, आणि गडू वर धरून बुडाकडे निरखून बघितलं. चिरेतून एक कणही गळत नव्हता.

"घे," त्यांनी गडू माझ्यापुढे केला. "घराक गेल्यार चिंच लावन तूच घास आता. माझे हात दुखतत."

पहिल्या दिवाळीला शिकवल्याप्रमाणे मी तो दोन्ही हातांनी घेतला.